आयडेला क्रूमच्या सहा फेऱ्या

ये, अशी इकडे, माझ्या शेजारी येऊन बस. लांब बसलीस तर मला मोठ्यानं बोलावं लागेल आणि कालच्या रविवारी गाऊन गाऊन माझा घसा बसलाय. तुला एका हिरव्या पेटीची गोष्ट सांगते. ऑगस्टपासून ऑक्टोबर संपेपर्यंत त्या पेटीनं आमच्या अख्ख्या माउंट निबो चर्चच्या नाकी नऊ आणले होते. देवानं मला सहनशक्ती दिली आहे असं लोक म्हणतात. त्या तीन महिन्यांत त्यातली बरीच खर्ची पडली.

पेटी जिल्ह्याच्या वारसा समितीची. आमच्या अलाबामात राज्याचा इतिहास चौथीला असतो, आणि चौथीचा वर्ग म्हटला की ही पेटी आलीच. प्रत्येक शाळेत दोन आठवडे मुक्काम, मग पुढची शाळा. आत कपडे धुण्याची पन्हाळी पाटी, लोण्याची रवी, कापूस तोलायचा काटा, उन्हाची टोपी आणि चाळीस कार्डं. पोरांनी इतिहास नुसता वाचू नये, हातात घेऊन बघावा, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण झाकणाच्या आतून जे नियम चिकटवलेत ते वाचून होईपर्यंत तास संपतो. वस्तूला हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालायचे, आणि हातमोजे मोठ्या माणसांच्या मापाचे. नऊ वर्षांच्या पोरांनी ते घातले की बोटांची टोकं सशाच्या कानांसारखी लोंबायची आणि हातातली वस्तू सटकायची. सटकली की काय पडलं, काय मोडलं याचा तक्ता भरायचा. पहिल्या दिवशी तीन तक्ते भरले. मी शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस, त्यामुळे ते भरायचं काम माझं.

चौथीच्या बाई म्हणजे मिस गुडलो. तिशीच्या आतली पोर, मॉन्टगोमेरीला शिकून परत गावात आलेली. गोष्ट स्वतः केल्याशिवाय पोरांना कळत नाही असा तिचा हट्ट. पेटीनं तिचे हात बांधले होते म्हणून ती आधीच धुमसत होती. त्यात कार्ड नंबर चौदा निघालं.

कार्डावर एका लाकडी शाळेचा फोटो. समोर एकही माणूस नाही. खाली एक ओळ: ‘प्लेझंट फोर्क शाळा. १९२३ साली जिल्ह्याने बांधली.’

केझाया नावाच्या मुलीनं हात वर केला.

“मिस गुडलो, हे खोटंय.”

“खोटं म्हणू नये, केझाया. चुकीचं म्हणावं.”

“बरं. हे चुकीचं आहे, आणि खोटंय. माझी पणजी म्हणते, ती शाळा तिच्या आईनं बांधली.”

वर्ग हसला. मिस गुडलो हसली नाही. ती म्हणाली, “पणजींना विचार, उद्या शाळेत येतील का?”

केझायाची पणजी म्हणजे आमच्या चर्चच्या मदर झिपोरा लॅकी; चर्चमधल्या सगळ्यात मानाच्या वयस्कर बाईला आम्ही मदर म्हणतो. वय पंच्याण्णव, आणि बोलावलं म्हटल्यावर न येणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी रविवारची पांढरी हॅट घालून, काठी टेकत, बुधवारी सकाळी नऊला वर्गात हजर. मी त्यांच्यापुढे हातमोजे धरले. त्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच ते खिशात घातले.

“अर्लीथा, वाच गं ते. माझ्या चष्म्यावर माझा विश्वास बसत नाही.”

मी वाचलं.

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“जिल्ह्यानं!” त्या खुर्चीत मागे रेलल्या. “काळ्या पोरांच्या शाळेला जिल्ह्यानं एक खिळा दिला नाही. जिल्ह्यानं दिला तो मास्तर, तोही वर्षातून पाच महिने आणि खोकणारा.”

मग त्यांनी पोरांना सांगितलं. शाळा गावानं बांधली. लाकूड पडलं होतं टार्व्हरच्या गिरणीवर, अकरा मैलांवर. पण कापूस वेचायचा हंगाम होता आणि जमीनदार एकाही पुरुषाला शेतातून हलू देत नव्हता. लाकूड आठवड्याभरात उचललं नाही तर गिरणीवाला दुसऱ्याला देणार. तेव्हा आयडेला क्रूम, वय वर्षं एकोणीस, उठली, गाडीला खेचर जोडलं आणि निघाली. अकरा मैल जाणं, अकरा मैल येणं. रोज एक खेप, असे सहा दिवस. सातवा दिवस देवाचा, त्या दिवशी चर्चमध्ये बसल्या बसल्या झोपली म्हणे.

“आणि मी तिच्या पोटात,” मदर म्हणाल्या. “आठवा महिना. म्हणजे तसं पाहिलं तर मीही लाकडं वाहिली आहेत. पण मला कार्ड नको. तिचं नाव घाला.”

एका मुलानं विचारलं, “खेचराचं नाव काय होतं?”

“जज्ज.”

“जज्ज का?”

“कारण तो कुणाचं ऐकायचा नाही आणि मधेच झोपायचा.”

सगळा वर्ग खिदळला. त्या दोन आठवड्यांत पोरं पहिल्यांदाच पेटीसमोर अशी मनमोकळी हसली, आणि तेसुद्धा पेटीत नसलेल्या गोष्टीवर.

जाताना मदरांनी दाराशी माझा हात धरला. पकड सुतारासारखी. “अर्लीथा, मला आता देवाकडं दुसरं काही मागायचं उरलं नाही. ही पेटी जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांसमोर उघडते ना? मग आईचं नाव त्या पेटीत गेलेलं मला बघू दे. आमच्या पिढीतलं कुणी राहिलं नाही. मी गेले की तिनं काय केलं हे सांगणारं माणूसच संपलं.”

मी म्हटलं, “मदर, त्यात काय मोठंसं? एक ओळ तर बदलायची आहे.”

हे वाक्य मला नंतर बरेचदा आठवलं, आणि दर वेळी मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या वर्षी राज्याला दोनशे वर्षं पूर्ण होत होती म्हणून समिती सगळी कार्डं नव्यानं छापणार होती. दुरुस्त्या कळवायची मुदत ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. आधीची कार्डं वीस वर्षं चालली होती. म्हणजे आता राहिलं तर मदरांच्या हयातीत राहिलंच.

समितीचं कार्यालय न्यायालयाच्या तळघरात. तिथं मिसेस प्रुइट बसतात. केस चांदीसारखे, टेबलावर पेपरमिंटची वाटी, आवाज मधात बुडवून काढलेला. मी आणि मिस गुडलो गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी छातीवर हात ठेवला.

“किती गोड गोष्ट! देव त्या आजींचं भलं करो. आणि आधार?”

“आधार म्हणजे?” मी विचारलं.

“पुरावा, हनी.”

“मदर लॅकी आहेत की. आणू का गाडीत घालून?”

“तोंडी चालत नाही.” त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात लिहिलं होतं: लेखी किंवा ध्वनिमुद्रित पुरावा, ज्यात त्या व्यक्तीचे नाव आणि तिचे काम, दोन्ही एकाच ठिकाणी असेल.

मिस गुडलोनं फॉर्म वाचला, खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, “आणि शाळा जिल्ह्यानं बांधली, याला काय पुरावा आहे?”

मिसेस प्रुइट गोंधळल्या. “ते तर आधीच्या कार्डावर आहे ना.”

“आणि आधीच्या कार्डावर कुठून आलं?”

“त्याच्या आधीच्या.”

बाहेर आल्यावर मिस गुडलो गाडीत बसली आणि दोन मिनिटं नुसतं चाक धरून राहिली. मी तिला पेपरमिंट दिली. वाटीतल्या चार उचलून आणल्या होत्या. देवा, क्षमा कर.

मग शोध सुरू झाला. शाळेची इमारत अठ्ठ्याहत्तर सालीच जळाली, तेव्हा तिथं काही मिळणार नव्हतं. राहिलं चर्च. आमच्या चर्चचा इतिहास लिहिलेला आहे आणि दर वर्धापनदिनी तो उभं राहून वाचतात. तो चर्चचे कारभारी, डीकन होझिया बॅटल यांनी लिहिला, आता त्यांचा मुलगा डीकन लेम्युएल वाचतो. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत बायका पंखे हलवतात आणि पोरं एकमेकांना चिमटे काढतात. मी डीकन लेम्युएलच्या घरी गेले.

“सिस्टर अर्लीथा, माझ्या वडिलांच्या इतिहासात एक शब्द घालायचा नाही की काढायचा नाही.”

“घालायला कोण सांगतंय? त्यात आयडेला क्रूम आहे का एवढं बघा.”

त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली. “अकरा पास्टर आहेत. छपराचं सगळं आहे. गालिचा आहे, कुठल्या साली लाल होता, कुठल्या साली निळा झाला.”

“शाळा?”

“शाळा आहे! ‘एकोणीसशे तेवीस साली बंधूंनी शाळा उभारली.’”

“आणि भगिनी?”

त्यांनी बोट फिरवलं. “आहेत ना. ‘भगिनींनी भोजनाची उत्तम व्यवस्था केली.’”

मी म्हटलं, “डीकन, ज्या आठवड्यात बंधू कापूस वेचत होते त्या आठवड्यात लाकूड काय चालत आलं?”

“ते वडिलांना विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. वडील जाऊन एकतीस वर्षं झाली. मी त्यांच्या बायकोनं दिलेला गोड चहा न पिताच उठले, यावरून माझा राग समजून घे.

मग मला अंत्यविधीच्या पत्रिकांची आठवण झाली. आमच्यात त्या पत्रिका कुणी टाकून देत नाही. माणसाचा फोटो, जन्म, लग्न, पोरंबाळं, सगळं त्यात छापलेलं असतं आणि त्या बायबलमध्ये जपून ठेवतात. कुठल्याही घरचं बायबल उघड, वचनं कमी आणि गेलेली माणसं जास्त निघतील. मिस गुडलोनं वर्गाला तोच उपक्रम दिला, घरातल्या पत्रिका आणा. पेटीतल्या रवीला न विचारणारी पोरं पत्रिकांवर तुटून पडली. ‘माझा पणजोबा रेल्वेत होता!’ ‘तुझी आजी नि माझी आजी बहिणी होत्या, म्हणजे तू माझी कोण?’ दोन दिवस वर्गात बाजार भरला होता. आणि त्या ढिगात केझायानं आणलेली, कडा पिवळ्या पडलेली आयडेला क्रूमची पत्रिका निघाली. एकोणीसशे शहाऐंशी.

मी थेट मदरांच्या घरी गेले आणि त्यांच्या समोर बसून वाचली.

“‘भगिनी आयडेला क्रूम यांनी कोवळ्या वयात प्रभूचा स्वीकार केला. माउंट निबोच्या त्या निष्ठावान सदस्य होत्या. त्यांना मासेमारीची आवड होती. त्यांच्या हातचे टी-केक संपूर्ण जिल्ह्यात प्रसिद्ध होते.’” मी पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. “मदर, लाकूड कुठंय?”

“नाहीये का?”

“टी-केक आहेत. जायफळ घालायच्या त्या, हेसुद्धा आहे. लाकूड नाही. कुणी लिहिलं हे?”

मदर खिडकीबाहेर बघायला लागल्या. “मी.”

“तुम्ही?”

“माझ्यावर ओरडू नकोस, पोरी. तेव्हा चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसाला लाकडाचं माहीत होतं. सगळ्यांना माहीत असलेलं कुणी छापतं का? जायफळाचं गुपित होतं, म्हणून ते छापलं.”

मी पत्रिकेची घडी केली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग त्याच म्हणाल्या, “आम्ही मूर्ख होतो गं. वाटलं, माणसं कायमची राहतात.”

त्यांचा तो चेहरा बघवेना. घरी येऊन मी गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, प्रभू, तूच आता काहीतरी दाखव. आणि दाखवलं. मला रेव्हरंड टीग आठवले.

रेव्हरंड रॅन्सम टीग यांचं प्रवचन तू ऐकलं नाहीस, ही तुझ्या जन्मातली एक उणीव आहे. ते सुरुवात अगदी साधी करायचे, शेजारी बसून बोलल्यासारखी. हळूहळू शब्दांना चाल यायची. कुठल्या क्षणी बोलणं संपलं आणि गाणं सुरू झालं, हे सांगताच यायचं नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी छातीतून ‘हां!’ निघायचा, ऑर्गन त्यांचा सूर पकडून मागे मागे यायचा, आणि आम्ही सगळे उत्तर द्यायचो, ‘सांगा, रेव्हरंड!’ मी आजही ती प्रवचनं बुटांच्या खोक्यात ठेवून आहे, बासष्ट कॅसेट. आणि मला पक्कं आठवलं की त्र्याहत्तर साली, शाळेला पन्नास वर्षं झाली त्या रविवारी, त्यांनी शाळा बांधणाऱ्यांची नावं प्रवचनात गायली होती. मी बारा वर्षांची होते. माझ्या अंगावर काटा आला होता तो आठवतो.

सतरावी कॅसेट. शनिवारी दुपारी चर्चच्या जेवणघरात आम्ही जमलो: मी, मिस गुडलो, मदर, केझाया, आणि काही न बोलता येऊन मागं बसलेले डीकन लेम्युएल. मशीन लावलं. आधी खरखर, कुणाचं तरी खोकणं, मग तो आवाज. मला रडूच आलं. मिस गुडलोनं पॅड हातात घेतलं.

रेव्हरंड चढत चढत गेले. ज्यांनी खड्डे खणले त्यांची नावं आली. ज्यानं चिमणी रचली त्याचं नाव आलं. मग ते म्हणाले, गायले म्हणजे:

“आणि लाकूड कोण आणणार, हां! पुरुष शेतात अडकले, हां! टार्व्हरची गिरणी अकरा मैल, हां! एक गाडी होती, हां! एक हट्टी खेचर होतं, हां! आणि सहा दिवस, सहा फेऱ्या, पोटात लेकरू घेऊन कोण गेलं? कोण गेलं? मी विचारतो कोण गेलं? ती होती आपली…”

आणि तिथं टेपमधून अशी एक किंकाळी आली की मशीन टेबलावर हललं. ‘येशू! येशू! थँक यू, येशू!’ पुढचं अर्धं मिनिट दुसरं काहीच नाही. टाळ्या, पाय आपटणं, किंकाळी. ती विरली तेव्हा रेव्हरंड खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्यांपर्यंत पोचले होते.

मिस गुडलोनं टेप मागं घेतली. पुन्हा लावली. पुन्हा किंकाळी. चौथ्यांदा लावल्यावर ती म्हणाली, “नाव ऐकूच येत नाही. कोण आहे ही बाई? मायक्रोफोनमध्ये तोंड घालून ओरडतेय!”

केझायानं मशीन बंद केलं. मग मदरांनी घसा साफ केला.

“तेव्हा टेपरेकॉर्डर माझ्याच मांडीवर ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “आवाज चांगला यावा म्हणून.”

डीकन लेम्युएल आधी हसले. मग केझाया. मग मदर स्वतःच हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी हसण्याचं किती नि दुसऱ्या कशाचं किती हे मी विचारलं नाही. “माझ्या आईचं नाव रेव्हरंडांनी गायलं नि मी गप्प बसू?” त्या म्हणत होत्या. “सांगा ना, कशी बसू?”

शेवटच्या शुक्रवारी पत्रिका आणि कॅसेट घेऊन आम्ही पुन्हा तळघरात. मिसेस प्रुइटनी कॅसेट मन लावून ऐकली. किंकाळीला दचकल्या. पत्रिका वाचली. मग चष्मा काढला.

“यात काम आहे, नाव नाही. त्यात नाव आहे, काम नाही.”

“दोन्ही जोडा,” मी म्हटलं.

“फॉर्ममध्ये एकाच ठिकाणी म्हटलंय.”

“मग स्टेपल करा!”

“सिस्टर अर्लीथा,” मिस गुडलो हळूच म्हणाली आणि माझी बाही ओढली. मी काउंटरवर हात आपटला होता. शाळेत पोरांना मी यासाठी कोपऱ्यात उभं करते.

मिसेस प्रुइटना वाईट वाटत होतं, हे खोटं नाही. त्या म्हणाल्या, समितीशी त्या बोलल्या आहेत आणि एवढं नक्की होईल: ‘जिल्ह्याने’ खोडून ‘स्थानिक रहिवाशांनी’ घालतील. आम्ही आनंदी व्हावं अशा नजरेनं त्या बघत होत्या. स्थानिक रहिवासी! मदरांना जाऊन काय सांगू, की तुमच्या आईचं नाव स्थानिक रहिवासी?

मिस गुडलो नव्या कार्डाचा नमुना हातात घेऊन उभी होती. तिनं तो उलटा केला. मागं रिकामी चौकट.

“ही मागची बाजू कोण लिहितं?”

“तुम्ही शिक्षकच. वर्गात करायचा उपक्रम. पाच ओळींत बसवा.”

“त्याला आधार लागतो?”

“उपक्रमाला कसला आधार?”

मिस गुडलोनं माझ्या केसांतलं पेन काढलं आणि तिथंच काउंटरवर लिहायला लागली. एकदाही थांबली नाही. लिहून झाल्यावर कागद पुढे सरकवला. मी वाकून वाचलं:

‘आयडेला क्रूम एकोणीस वर्षांची आहे. शाळा बांधण्यासाठी तिला अकरा मैलांवरून खेचराच्या गाडीने लाकूड आणायचे आहे. तिने सहा फेऱ्या केल्या, तर जाऊन-येऊन एकूण किती मैल झाले? उत्तर काढल्यावर एक फळी दोघांत धरून मैदानाला सहा फेऱ्या घाला.’

मिसेस प्रुइटनी दोनदा वाचलं. “ही आयडेला क्रूम कोण?”

“गणितातली मुलगी,” मिस गुडलो म्हणाली.

“हं.”

“कार्ड नंबर नऊच्या मागं सॅलीकडे बारा अंडी आहेत. सॅलीचा पुरावा मागितला होता का?”

मिसेस प्रुइटनी कागद स्वतःकडे ओढला. तिसऱ्यांदा वाचला. मग त्यांनी पेन उचललं. मला वाटलं, खोडतात आता. त्या म्हणाल्या, “खेचराचं नाव काय म्हणाला होतात?” आणि ‘खेचराच्या’च्या आधी, स्वतःच्या सुबक अक्षरात, त्यांनी ‘जज्ज नावाच्या’ असं घातलं. शिक्का मारला. वर म्हणाल्या, “पेपरमिंट घ्या ना. आज तुम्ही घेतल्या नाहीत.”

मी पळत पळत मदरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि भडकल्या.

“माझी आई अंड्यांच्या रांगेत बसवलीत?”

“मदर, नाव गेलं ना आत!”

“इतिहासात जायला सांगितलं होतं. तुम्ही तिला गणितात घातलंत! तिला गणित कधी आवडलं नाही!”

दोन रविवार माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी प्रार्थनेनंतर मला कोपऱ्यात गाठून विचारलं, “किती मैल होतात गं?”

“एकशे बत्तीस.”

त्या ओठ हलवत राहिल्या. “एवढे? मी कधी गुणाकारच केला नव्हता. पोटात मी होते, ते वजन धरलंय का?”

“नाही धरलं.”

“मग गणित कच्चं आहे,” म्हणाल्या आणि गेल्या. पण जानेवारीत नवी कार्डं आली तेव्हा शाळेत आल्या. खुर्ची मैदानावर मांडून बसल्या आणि चौथीचा अख्खा वर्ग दोघादोघांत एक फळी धरून त्यांच्यासमोरून पळाला. पहिल्या फेरीला पोरं ओरडत होती. चौथ्या फेरीला कुणी ओरडत नव्हतं. सहाव्या फेरीला केझाया धापा टाकत त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “आणि ती तर गरोदर होती!” मदर म्हणाल्या, “आता कळलं ना? जा, पाणी पी.”

मला वाटलं, झालं एकदाचं. कुठलं? मार्चमध्ये मदरांच्या भाचीचा नातू भेटला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत चौथीत शिकणारा. पेटी त्याच्या शाळेतही पोचली होती. मदरांनी त्याला जवळ घेऊन विचारलं, “आयडेला क्रूम माहीत आहे का तुला?” पोरगा लगेच म्हणाला, “हो! एकशे बत्तीस!” मदर खुलल्या. “आणि ती कोण होती?” पोरानं खांदे उडवले. “कुणी नाही, आजी. गणितातली आहे. गणितातली माणसं खरी नसतात.”

मदरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “नाव तरी घेतलं त्यानं. बाकीचं तुला करावं लागेल, अर्लीथा. भेटेल त्याला सांग.”

म्हणून मी भेटेल त्याला सांगत असते आणि आज तू भेटलीस. आमच्या जिल्ह्यात दर वर्षी कितीतरी पोरं तिचे मैल मोजतात आणि तिला सॅलीची बहीण समजतात. तू तसं समजू नकोस. आयडेला क्रूम होती. प्लेझंट फोर्कला राहायची, आठवा महिना लागला होता, आणि तिनं लाकूड आणलं. रात्री प्रार्थनेला गुडघ्यावर बसशील तेव्हा एकदा तिचं नाव घे.